मी, मेहुण्याच्या कोटातले बुजगावणे

मित्रांनो, मी एक जुने बुजगावणे आहे. मानवजात आजवर उपाशी मेली नाही, याचे श्रेय शास्त्रज्ञांना, पावसाला आणि चांगल्या बियाण्याला देण्याची पद्धत आहे. खरे तर ते आमचे आहे. ऊन, वारा, गारा सोसत, दोन्ही हात पसरून आम्ही जगाच्या अन्नाचे रक्षण करत उभे असतो. हे सांगत असताना माझ्या डाव्या हातावर एक पोपट बसला आहे. तो काय खातो आहे, तिकडे मी बघत नाही.

व्याकरणाच्या पुस्तकात मी नपुंसकलिंगी आहे. पण अंगावर कोट चढल्यापासून मी पुरुषासारखाच बोलतो. त्या कोटानेच माझे भले केले आणि माझे वाटोळेही त्यानेच केले.

माझा जन्म गोठ्यामागे झाला. एक उभा बांबू, एक आडवी काठी, सुतळी, पोटात पेंढा आणि डोक्याच्या जागी तळ गेलेले मडके. मालकांनी मला बांधले, मालकीणबाईंनी कोळशाने डोळे काढले. त्यातला एक डोळा मोठा झाला.

"राहू दे," मालक म्हणाले, "त्याला काय स्थळ बघायचंय?"

पहिली काही वर्षे माझ्या अंगावर मालकांचाच फाटका सदरा होता. तेव्हा मला कोणी ओळखत नसे, पण पाखरे थोडीफार भीत. मग कोट आला. तेव्हापासून मला सगळे ओळखतात आणि पाखरे भीत नाहीत.

आमच्या मालकांना आसपासचे लोक 'शंकासुर' म्हणतात. आठवडाभर ते पेपरकडे ढुंकून बघत नाहीत. रविवारी मात्र पेपरवाल्याची वाट बघत फाटकाशी उभे राहतात. पेपर हातात आला की पुढारी, खेळ, अपघात यांना ओलांडून थेट विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पानावर जातात. ज्ञान मिळवावे असा त्यांचा हेतू नसतो. ते पान मालकीणबाईंचा धाकटा भाऊ लिहितो.

हा मेहुणा शहरात राहतो. एकदा तो बहिणीला भेटायला आला तेव्हा अंगात राखाडी कोट होता. 'मातीचा कस कसा ओळखावा' हे तो मालकांना समजावत होता. समजावता समजावता मागे सरकला आणि वंगण लावलेल्या पंपाला टेकला. डाग पडलेला कोट इथेच टाकून गेला. मालकीणबाईंनी तो दोनदा धुतला, वाळवला, घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या अंगावर होता.

"अहो, भावाचा कोट आहे तो माझ्या!" मालकीणबाई म्हणाल्या.

"मग चांगलंच की," मालक म्हणाले. "घरातलं कोणीतरी शेतावर कामाला लागलं."

मग त्यांनी कोळसा घेऊन माझ्या डोळ्यांवर चष्मा काढला. शेजारचा कोबीवाला बांधावरून बघत होता. तो म्हणाला, "हुबेहूब!" मित्रांनो, माझ्या कामाची झालेली ती एकमेव स्तुती. तीही वेगळ्याच कामाची होती.

तेव्हापासून दर रविवारी माझ्यापुढे सुनावणी सुरू झाली. मालक पेपर घेऊन येत, पालथ्या बादलीवर बसत आणि मला बातमी वाचून दाखवत.

"गाईम्हशींच्या ढेकरांमुळे पृथ्वी तापते." इथे पेपर खाली येई. "काय हो शास्त्रज्ञ? विमानातनं फिरायचं तुम्ही, गार खोलीत झोपायचं तुम्ही, आणि खटला आमच्या म्हशीवर? तिनं ढेकर दिला तर निदान जेवून दिलाय!"

माझी बाही तेवढी वाऱ्यावर हले.

"बघा! उत्तर नाही!" मालक म्हणत आणि पेपराची गुंडाळी करून माझ्या मडक्यावर एक ठेवून देत.

दुसऱ्या रविवारी मंगळावर बटाटे पिकण्याची शक्यता असे. "पिकतील हो, न पिकायला काय झालं! पण बाजारात नेणार कोण? आणि तिथल्या व्यापाऱ्यानंही आज उठाव नाही म्हटलं, तर एवढ्या लांबून परत आणायचे?" ठप्प. तिसऱ्या रविवारी झाडे एकमेकांशी बोलत असल्याचा शोध लागलेला असे. "ह्यांना आत्ता कळलं! आमची वांगी तर शिव्या देतात." ठप्प. दूध काढणाऱ्या यंत्रमानवाची बातमी आली तेव्हा मालकांनी एवढेच विचारले, "म्हशीनं लाथ मारली की तो कोणाच्या आईला हाक मारतो?" त्या वेळी त्यांनी मला दोनदा मारले, कारण प्रश्न त्यांना स्वतःलाच फार आवडला होता.

पिकाचा फोटो बघून रोग सांगणारे ॲप निघाले, तेव्हा कोबीवाल्याच्या फोनवर दोघांनी मिळून माझा फोटो काढला. फोनने सांगितले, 'नत्राची कमतरता.' दोघे बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला वाईट वाटले. पण पेंढ्यात नत्र कितीसे असणार?

मालक विज्ञानाचे शत्रू आहेत असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. ठिबक त्यांनी या भागात सगळ्यांच्या आधी बसवले. नवे बियाणे आले की ते पहिल्या रांगेत. पण बातमी मेहुण्याच्या हातची असली की त्यांना पटत नसे. मेहुण्याने एकदा ठिबकाची स्तुती लिहिली, तर मालकांनी रागाच्या भरात वांग्यांच्या एका वाफ्याला बादलीने पाणी घातले. कंबर धरली तेव्हा थांबले. मग कंबर धरून माझ्याकडे आले आणि उरलेल्या हाताने मला मारले.

मला मात्र राग येत असे तो मालकांचाच. माझा काय संबंध? मी एक ओळ लिहिली नव्हती. सुतळी सैल झाली, मडक्याला चीर गेली, आणि मी मनाशी ठरवले की एक दिवस याचा हिशेब चुकता करायचा. कसा, ते ठरत नव्हते. मला हलता येत नाही.

आणि मग तो रविवार आला. मेहुण्याने लिहिले होते: 'विज्ञान दाराशी आले तरी कडी न काढणारे लोक आजही आहेत. माझ्या अगदी जवळचे एक शेतकरी काठीला जुना कोट टांगतात आणि पाखरे पळतील असे समजतात. पाखरे हसत असावीत.'

नाव नव्हते. त्याची गरजही नव्हती. दूध घालायला गेलेल्या मालकांना कोबीवाल्याने सगळ्यांदेखत विचारले, "काय भाऊ, आज पाखरं हसली का?" भरलेल्या किटल्या हिंदकळेपर्यंत लोक हसले.

त्या दिवशी मालक माझ्यासमोर आले, पण त्यांनी पेपराची गुंडाळी केली नाही. तो परिच्छेद त्यांनी हळू आवाजात वाचला. मग म्हणाले, "ह्यानं आपल्या दोघांचा अपमान केलाय."

'आपल्या दोघांचा.' मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच आपल्यात धरले. माझा मालकांवरचा राग त्या क्षणी गेला आणि सगळाच्या सगळा मेहुण्यावर जाऊन बसला. आम्ही दोघांनी सूड घ्यायचे ठरवले. मालकांनी दात ओठ खाऊन ठरवले, मी उभ्या उभ्या ठरवले.

संधी चालत आली. सूर्यफुले भरत आली असताना मेहुण्याचा फोन आला. एका कंपनीने पाखरे हाकलणारा यांत्रिक ससाणा बनवला होता. तो खऱ्या शेतात लावून बघायचा आणि त्यावर मोठा लेख लिहायचा, असे त्याच्या मनात होते.

"शेत कोणाचं घेऊ, असा प्रश्न होता. म्हटलं, दाजी आहेत की!"

"या ना, या," मालक म्हणाले. "शेत तुमचंच आहे."

फोन ठेवल्यावर मालकीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "एवढं गोड कधीपासून बोलायला लागलात? अंगात ताप आहे का?"

"नाही."

"मग एक ऐकून ठेवा. त्या सूर्यफुलाला काही होता कामा नये. घरातलं वर्षभराचं तेल त्याच तुकड्यातनं निघतं. तुमचं आणि त्याचं काय असेल ते बांधाच्या अलीकडे."

मालकांनी मान हलवली. मान हलवताना ते शेताकडे बघत नव्हते.

मेहुणा आला. खांबावर चढवायचा काळा ससाणा, त्याचे पंख, कॅमेऱ्याचे डोळे, पोटात कर्णा, सगळे खोक्यात नीट बसवलेले होते. वावराच्या मधोमध माझी जागा होती. मेहुणा म्हणाला, "हे आता लागणार नाही," आणि त्याने मला कमरेत धरून उपटले. मग थबकला. कॉलर उलटून बघितली.

"ताई, हा माझा कोट आहे ना?"

मालकीणबाई आभाळाकडे बघू लागल्या.

"तुमचा कसा असेल?" मालक म्हणाले. "तुमचा तर विज्ञाननिष्ठ होता."

मेहुण्याने मला गोठ्यामागे उकिरड्याशेजारी नेऊन टाकले. तोंड खाली. इतकी वर्षे उभा राहिलेला मी आडवा कसा दिसतो, हे मला तेव्हा कळले. संध्याकाळी एका कोंबडीने माझ्या खिशात अंडे घातले. माझी तेवढीच किंमत उरली होती.

ससाणा मात्र, खोटे कशाला बोला, कामाचा निघाला. पाखरांचा थवा दिसला की त्याचे डोळे लाल होत, तो पंख फडफडवी आणि असा किंचाळे की म्हैस दोराला हिसके देई. पाखरे फुलांवर उतरता उतरता वळून जात.

"आणि बघा, दाजी," मेहुणा खांबाजवळ जाऊन म्हणाला. ससाण्याचे डोळे हिरवे झाले आणि तो गप्प बसला. "माणूस ओळखतो तो. डोकं, दोन हात, अंगात कपडे दिसले की समजतो, मजूर कामावर आलाय. मग ओरडत नाही. उगाच कोणी दचकून पडायला नको."

"कोणीही माणूस?"

"कोणीही."

"तुम्हालाही माणूसच समजतो?"

"दाजी!"

मेहुणा फोटो काढून शहरात परत गेला. मालकांच्या तोंडची चव गेली. ते बांधावर बसून बिनपाखरांच्या शेताकडे असे बघत, जसे काही कोणी त्यांचे शेत लुटून नेले आहे. कोबीवाला येऊन म्हणाला, "मेहुण्यानं भारीच आणलं की ओ यंत्र! माझ्याकडेही एक पाठवायला सांगा." मालक उठून गेले. जेवले नाहीत. म्हशीशी बोलले नाहीत.

मग एका पहाटे ते गोठ्यामागे आले. मला उलटे केले, तोंडावरचे शेण पुसले, खिशातले अंडे काढून घेतले, सुतळी आवळली, आणि नव्या कोळशाने ठळक चष्मा काढला. इतक्या मायेने त्यांनी मला जन्म दिला तेव्हाही हाताळले नव्हते. मला खांद्यावर घेऊन ते शेतात गेले आणि ससाण्याच्या अगदी समोर, त्याच्या डोळ्याला डोळा भिडेल असे रोवले. कोटाची बटणे लावली.

"उभा राहा," म्हणाले. "बाकी काही करू नकोस."

बाकी काही मला येतही नाही.

उजाडले. ससाण्याचे डोळे उघडले. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. डोके, दोन हात, कोट. त्याचे डोळे हिरवे झाले. मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माणूस समजले. ज्यांच्यासाठी मला बनवले त्या पाखरांना ते कधी पटले नव्हते.

पहिला पोपट तारेवर बसून अंदाज घेत होता. तो आला, माझ्या खांद्यावर बसला, आणि ससाण्याकडे बघून फुलावर उतरला. मग त्याने सगळ्या नातेवाइकांना बोलावले. सुडाची चव कशी असते ते मला माहीत नाही, कारण मला जीभ नाही. पण पाखरांचे जे चालले होते त्यावरून ती बरी असावी.

मालक बांधावर बसून हाताने ताल धरत होते. "खा. पोटभर खा. लाजू नका."

मालकीणबाई धार काढून बाहेर आल्या तेव्हा शेत हिरव्या पंखांनी हलत होते. त्यांना आधी कळलेच नाही. मग मी दिसलो.

"अहो! हे काय करून ठेवलंत? ते पीक आपलं आहे!"

"पीक दरवर्षी येतं," मालक म्हणाले. "मेहुणा दरवर्षी असा सापडत नाही."

"आणि वर्षभर कढईत काय ओतू? तुमचं जिंकणं?"

त्यांनी पत्र्याचा डबा घेतला आणि तो बडवत त्या शेतात शिरल्या. पाखरे इकडून उठून तिकडे बसत. त्या तिकडे गेल्या की पाखरे इकडे येत. ससाणा आता दोन माणसे बघून दुप्पट गप्प होता. मालक एकदा उठले, माझ्या दिशेने चालूही लागले. त्यांच्या चेहऱ्यावर घटकाभर ते पीक दिसले. मग बांधापलीकडून कोबीवाल्याने विचारले, "काय भाऊ, यंत्र बिघडलं का?" आणि मालक परत खाली बसले.

"बिघडलं नाही," ते म्हणाले, आवाज मुद्दाम चढवून. "ते असंच आहे."

दुसऱ्या दिवशीही मी तिथेच होतो. मालकीणबाई घरातून बाहेर आल्या नाहीत. भावाला फोन मात्र त्यांनीच केला.

मेहुणा आला तेव्हा शेतात सूर्यफुलांच्या नुसत्या तबकड्या माना टाकून उभ्या होत्या. त्याने एक तबकडी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"दाजी, हे काय केलंत?"

"मी? मी यंत्राला बोट लावलं नाही. त्यालाच विचारा. त्याच्याकडे फोटो असतात ना?"

मेहुण्याने फोन काढला. ससाण्याने दोन्ही दिवस इमानाने एकच कळवले होते: 'मजूर कामावर.' खाली माझा फोटो होता. मोठा करून बघितला तेव्हा त्याला कोट दिसला, मग चष्मा दिसला. यंत्राच्या सांगण्याप्रमाणे मी सलग राबलो होतो, जेवायचीही सुट्टी घेतली नव्हती.

मेहुण्याने फोन माझ्या मडक्याशेजारी धरून दोन्ही चष्मे ताडून बघितले. माझ्या मडक्यात थंडगार वारा शिरावा तसे समाधान शिरले.

"आता लिहा," मालक म्हणाले. "लिहा की पाखरं हसत असावीत."

"कसं लिहू, दाजी? लेख कालच गेला. रविवारचं पान आधीच तयार होतं."

"काय लिहिलंय त्यात?"

मेहुणा खाली बघत म्हणाला, "एकही दाणा गेला नाही म्हणून."

मालकांचे तोंड असे उजळले की मला वाटले त्यांचेही डोळे आता हिरवे होतात. खोटी बातमी! छापील! मेहुण्याच्या सहीनिशी! ती हातात धरून या मोकळ्या शेतात चार लोकांसमोर मोठ्याने वाचायची, याहून जास्त त्यांना आयुष्याकडून काही नको होते.

"जिंकलात ना?" मागून मालकीणबाईंचा आवाज आला. त्यांच्या हातात दोन काठ्या आणि एक घमेले होते. "दोघंही जिंकलात. आता बसा खाली. पाखरांनी काही ठेवलं असेल ते झोडपून काढा. पाखरं तुमच्यापेक्षा शहाणी आहेत, थोडं ठेवलं असेल."

"ताई, मी ह्या कपड्यात..."

"कोट आहे तुझा तिथं. तो घाल."

मेहुण्याने माझ्या अंगावरचा कोट काढून घातला. शास्त्रज्ञ आणि शंकासुर पाठीला पाठ लावून बसले आणि रिकामी फुले झोडपू लागले. दोघांनी एकमेकांकडे बघितले नाही. अंधार पडेपर्यंत घमेल्याचा तळ जेमतेम झाकला. मालकीणबाईंनी घमेले उचलले, आत डोकावून बघितले, आणि त्या घरात गेल्या. मालकांच्या मनाला जे काही लागले ते तेवढ्यानेच लागले. पण रविवारचा हट्ट त्यांनी सोडला नाही.

मित्रांनो, मी आता उघड्या बांबूवर उभा आहे. माझी तुम्हाला एक कळकळीची विनंती आहे. जुन्या वस्तूंची काळजी घ्या. सुतळी सैल झाली तर आवळा, मडक्याला चीर गेली तर बदला, पावसात आत घ्या. नवी वस्तू आणलीत तर जुनीला उकिरड्यावर टाकू नका. तिथे पडून ती विचार करते. आणि कोणाचाही राग आमच्यावर काढू नका. तुम्ही मारता आणि विसरून जाता. आमच्यात मात्र तो पेंढ्यासारखा भरून राहतो, आणि आम्हाला हलता येत नसल्यामुळे तो बाहेर पडतो तेव्हा तुमच्याच शेतात पडतो.

रविवारी मालकांनी कोबीवाल्याला, दूधवाल्यांना, आणखी दहाबारा जणांना शेतात बोलावले. सगळ्यांना चहा दिला. मग मेहुण्याला मध्ये उभे करून पेपर उघडला.

विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जागी पानभर गाद्यांची जाहिरात होती.